पीडीएफची मुद्रणपूर्व रंगतपासणी

व्यावसायिक छपाईसाठी आलेल्या पीडीएफ फाइलची प्लेट काढण्याआधी तिच्यातील रंगांची जी तांत्रिक तपासणी केली जाते, ती म्हणजे मुद्रणपूर्व रंगतपासणी. फॉण्ट, चित्रांचे रिझोल्यूशन, पानाचा आकार, ब्लीड (पानाच्या कापाच्या रेषेबाहेर ठेवलेली जादा छपाई) अशा इतर बाबींसह या साऱ्या तपासणीला छपाई व्यवसायात ‘प्रीफ्लाइट’ म्हणतात. त्यातला रंगांचा भाग सर्वांत अवघड आहे, कारण रंगांचे बहुतेक दोष पडद्यावर दिसतच नाहीत.

पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकत्र करून रंग दाखवतो. ऑफसेट यंत्रावर मात्र सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया कागदावर एकापाठोपाठ एक चढतात आणि प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते. पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन काळ्या ओळींपैकी एक फक्त काळ्या प्लेटवर असू शकते आणि दुसरी चारही प्लेटवर विखुरलेली. म्हणून पान कसे दिसते यापेक्षा कोणत्या प्लेटवर काय जाणार, हा या तपासणीचा खरा प्रश्न आहे. अ‍ॅक्रोबॅट प्रोमधील ‘आउटपुट प्रिव्ह्यू’सारख्या सोयीने एकेक शाई बंद करून पान पाहता येते. सगळी तपासणी एवढ्या एकाच सवयीवर उभी आहे, असे म्हटले तरी चालेल.

सर्वाधिक दोष काळ्या रंगात सापडतात. कार्यालयीन सॉफ्टवेअरमधून थेट काढलेल्या पीडीएफमध्ये मजकुराचा काळा बहुधा आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीतला असतो. त्याचे सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत रूपांतर झाले की तो चार शायांत वाटला जातो. मग छपाईत एखादी प्लेट मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी सरकली, तरी बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसू लागते. मजकुराचा काळा १०० टक्के काळी शाई आणि बाकी तिन्ही शून्य असाच हवा. मोठ्या काळ्या पट्ट्याचे गणित याच्या उलट असते. नुसती काळी शाई तिथे फिकट, राखाडी वाटते, म्हणून तिच्याखाली इतर शायांचा आधार देतात. सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० आणि काळा १०० हे त्याचे एक प्रचलित मिश्रण आहे. ‘रजिस्ट्रेशन’ नावाचा रंग चारही शाया १०० टक्के लावतो आणि तो फक्त प्लेट जुळवण्याच्या खुणांसाठी असतो. काळा समजून तो मजकुराला किंवा चौकटीला दिला गेला असेल, तर पडद्यावर काहीच खटकत नाही आणि छापताना पान चिकट होते.

ओव्हरप्रिंटचा, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच दुसरा छापण्याचा दोष याहून फसवा असतो. रंगीत पार्श्वभूमीवरचा लहान काळा मजकूर ओव्हरप्रिंट असणे योग्यच, कारण त्यामुळे अक्षराखाली पांढरी फट राहण्याची भीती उरत नाही. पण काळे बोधचिन्ह ओव्हरप्रिंट ठेवलेले असते आणि नंतर कुणीतरी त्याचा रंग बदलून पांढरा करतो. सीएमवायकेतील नेहमीच्या ओव्हरप्रिंट पद्धतीत ज्या शाईचे प्रमाण शून्य, त्या शाईपुरता खालचा रंग जसाच्या तसा राहतो. पांढऱ्याचे चारही आकडे शून्य असल्याने ते बोधचिन्ह छपाईत नाहीसे होते. ओव्हरप्रिंट न दाखवणाऱ्या वाचकप्रणालीत ते शेवटपर्यंत ठळक दिसत राहते, म्हणून ग्राहकाने पडद्यावर दिलेल्या मंजुरीवर इथे भिस्त ठेवता येत नाही. तपासताना ओव्हरप्रिंटचे दृश्य चालू असलेच पाहिजे.

चार शायांची बेरीज तत्त्वतः ४०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण कागद इतकी शाई पेलत नाही. आर्ट पेपरवरच्या (लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावरच्या) शीटफेड, म्हणजे सुटे कागद छापणाऱ्या ऑफसेटसाठी साधारण ३०० ते ३३० टक्के आणि वृत्तपत्री कागदासाठी २४० टक्के किंवा त्याहून कमी अशी मर्यादा धरतात. ती ओलांडली की शाई वेळेत वाळत नाही, एका कागदाची शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागते आणि छायाचित्रातल्या गडद जागा गाळासारख्या एकजीव होतात. मर्यादेचा एकच आकडा सगळ्या कामांना लावणे ही तपासणीतली ठळक चूक आहे. आधी कागद आणि यंत्र कळले पाहिजे, मग आकडा. दुरुस्ती करताना चारही शाया सरसकट कमी केल्या, तर चित्राचा जोर जातो. योग्य प्रोफाइलने, म्हणजे त्या कागद-यंत्रावर रंग कसे उमटतात याच्या नोंदीने, नव्याने रंगविभाजन (चित्राची चार शायांत वाटणी) करणे हा खरा उपाय. त्यात तीन रंगांच्या मिश्रणातून तयार होणारा करडा भाग काळ्या शाईकडे सोपवला जातो.

आरजीबी चित्र दिसले की ती चूकच, असे मात्र नाही. पीडीएफ/एक्स-१ए या छपाईच्या पीडीएफसाठीच्या जुन्या मानकात आरजीबीला मज्जाव आहे. पीडीएफ/एक्स-४ मध्ये आयसीसी प्रोफाइल (आकड्यांचा नेमका रंग सांगणारी प्रमाणित नोंद) जोडलेले आरजीबी चालते आणि रूपांतर शेवटच्या टप्प्यावर होते. धोका आहे तो प्रोफाइल नसलेल्या चित्राचा, कारण त्यातील आकड्यांचा नेमका रंग कोणता, हे रूपांतर करणारे यंत्र मग आपल्या मर्जीने ठरवते. चकचकीत निळा किंवा पोपटी हिरवा चार शायांत मुळात गाठताच येत नाही. ते ग्राहकाला छापण्याआधी सांगावे लागते.

स्पॉट रंगांत, म्हणजे चार शायांबाहेरच्या स्वतंत्र तयार शाईच्या रंगांत, गडबड नावांची असते. एकच रंग दोन फाइलींतून किंचित वेगळ्या नावाने आला की दोन प्लेट निघतात. चार रंगी कामात विसरून राहिलेला स्पॉट रंग पाचवी प्लेट मागतो. वार्निश (चकाकीचा लेप) किंवा कटिंगची रेघ स्पॉट रंगात ठेवतात. ती ओव्हरप्रिंट नसेल तर तिच्याखालचे चित्र कोरले जाऊन तिथे पांढरी रेघ उरते. पारदर्शकतेचा दोष सावल्यांत आणि धूसर कडांत लपतो. पानाची मिश्रणाची रंगजागा (पारदर्शक थर ज्या रंगपद्धतीत एकत्र होतात ती) आरजीबी राहिली असेल, तर सपाटीकरणात, म्हणजे ते थर एकच करताना, पारदर्शक भागाला लागून असलेला शुद्ध काळा मजकूरही चार रंगांत फुटतो.

पीडीएफ/एक्स ही आयएसओ १५९३० या क्रमांकाची मानकमालिका आहे. एक्स-१ए २००१ मध्ये, एक्स-३ २००२ मध्ये आणि जिवंत (सपाट न केलेली) पारदर्शकता स्वीकारणारे एक्स-४ २००८ मध्ये आले. या सर्वांत ‘आउटपुट इंटेंट’ ही नोंद महत्त्वाची. फोग्रा ३९ किंवा फोग्रा ५१ यांसारख्या कोणत्या मुद्रणस्थितीसाठी फाइल तयार केली आहे, हे ती सांगते. नोंद बदलली म्हणून आतले सीएमवायके आकडे बदलत नाहीत. आर्ट पेपरसाठी विभाजन केलेल्या चित्रावर अनकोटेड, म्हणजे लेप नसलेल्या कागदाचे नाव चिकटवले, तर फाइल तपासणीत उत्तीर्ण होते आणि छपाई मात्र मळकट येते.

अ‍ॅक्रोबॅट प्रो, एन्फोकसचे पिटस्टॉप, कॅलासचे पीडीएफटूलबॉक्स ही या कामाची परिचित साधने, आणि घेंट वर्कग्रुप या छपाई क्षेत्रातील गटाने वेगवेगळ्या प्रकारच्या कामांसाठी तपासणीचे नियम तयार केले आहेत. यंत्राची तपासणी आकड्यांपुरती असते. चेहरा हिरवट आहे किंवा एकाच वस्तूचा रंग दोन पानांवर वेगळा आहे, हे तिला कळत नाही. त्यासाठी आयएसओ १२६४७-७ नुसार काढलेले प्रूफ (नमुना प्रत) डी५० या प्रमाणित प्रकाशात माणसानेच पाहावे लागते.

दोष सापडल्यावर शक्य तिथे मूळ ले-आउट फाइलच दुरुस्त करावी आणि पीडीएफ नव्याने काढावी. पीडीएफमध्येच केलेला बदल पुढच्या आवृत्तीत हरवतो आणि तोच दोष पुन्हा छापायला येतो. प्लेटची वेळ येऊन ठेपलेली असताना पीडीएफला हात लावावाच लागतो. अशा वेळी मजकुराचा आरजीबी काळा शुद्ध काळ्यात आणणे, पांढऱ्याचे ओव्हरप्रिंट काढणे, दुबार स्पॉट नावे एक करणे इतपत बदल सुरक्षित मानतात. सीएमवायकेचे पुन्हा सीएमवायकेत रूपांतर साध्या प्रोफाइलने केले, तर शुद्ध काळा परत चार रंगांत विखुरतो. त्याला डिव्हाइसलिंक प्रोफाइल, म्हणजे एका सीएमवायकेतून थेट दुसऱ्यात नेणारे प्रोफाइल लागते. बदल कितीही लहान असो, त्यानंतर चारही प्लेट पुन्हा एकेक करून पाहिल्या जातात.