वंश (विदर्भातल्या खेड्यांच्या संदर्भात)

वंश म्हणजे कातडीचा रंग, नाक, केस, चेहऱ्याची ठेवण बघून माणसांचे गट पाडायची पद्धत. जीवशास्त्रात याला आता फारसा आधार उरलेला नाही, १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी दाखवलं की माणसांमधला साधारण ८५ टक्के जनुकीय फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो, गटागटांत उरतो तो थोडासाच. पण म्हणून समाजातून वंश गेला असं काही झालं नाही.

विदर्भातल्या खेड्यात तसा कोणी कोणाला वंश विचारत नाही. नवा पोरगा दिसला की "कोनाचा पोट्टा होय बे तू?", मग आडनाव, आडनावावरून जात, बस. रंग मधात येते तो सोयरिकीच्या वेळी. बायोडाट्यात गोरी, निमगोरी, फार तर गहूवर्णी, सावळी लिहायची हिंमत क्वचितच कोणी करतं, आणि ज्या घरचा नवरदेव पराटीच्या वावरात उन्हानं काळाठिक्कर झाला त्याच घराला सून मात्र उजळ पाहिजे. एका मायच्या दोन पोरी, एक गोरी एक सावळी, त्यांचा वंश काय वेगळा झाला का? पण पाहुणे दोघींकडे सारखं पाहत नाहीत.

जात म्हणजेच वंश, हे डोक्यात पक्कं केलं इंग्रजांच्या काळातल्या मोजमापानं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी-लांबी मोजून जातींची उतरंड लावायचा खटाटोप केला होता. (नाकावरून माणसाची पायरी ठरवणं, वा रे शास्त्र.) बाबासाहेबांनी हे मानलं नाही. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचाच अस्पृश्य यांच्यात वांशिक फरक कोणता, हा त्यांचा १९३६ चा सवाल, आणि १९४८ मध्ये तर त्यांनी नाकाच्या मापांचे आकडेच वापरून ब्राह्मण नि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत असं मांडलं.

जोतीराव फुल्यांची वाट वेगळी होती. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी बाहेरून आलेल्या आर्यांनी इथल्या लोकांना गुलाम केलं असं मांडलं आणि ते पुस्तक अर्पण केलं अमेरिकेतल्या काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या लोकांना. विदर्भात आजही हे दोन्ही विचार सोबतच चालतात, एकाच स्टेजवर एक वक्ता मूलनिवासी म्हणते अन् दुसरा म्हणते वंशबिंश काही नाही, भांडण जातीशी आहे, आणि टाळ्या दोघांनाही पडतात. संविधानाच्या कलम १५ मध्ये वंश आणि जात हे दोन्ही वेगवेगळे लिहिलेत.

आदिवासी भागात गोष्ट अजून गुंतते. मेळघाटातली कोरकू भाषा मुंडा गटातली, तिची भावंडं तिकडे झारखंडात, गोंडी आणि यवतमाळकडची कोलामी द्रविड कुळातल्या, मराठी आर्यभाषा. भाषा वेगळी म्हणजे रक्त वेगळं असं काही नसते, तरी गोंड पोराला आपलं गोंडपण मोठं वाटतं आणि का नाही वाटणार, नागपूर शहर वसवलं तेच देवगडच्या बख्त बुलंद शहा या गोंड राजानं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला बरेच जण आदिवासींचा आजार म्हणतात. खरं कारण मलेरिया: या जनुकाची एकच प्रत असली तर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात ते टिकलं, आफ्रिकेत तसंच गडचिरोलीत. विदर्भात ते अनुसूचित जाती आणि ओबीसींमध्येही सापडते. आईबाप दोघंही वाहक (म्हणजे एकच प्रत असलेले) असतील तर प्रत्येक लेकराला आजार व्हायची शक्यता २५ टक्के, त्यामुळं लग्नाआधी रंग पाहण्यापेक्षा रक्त तपासलेलं कधीही बरं, पण त्या रिपोर्टचा विषय निघाला की बैठकीत सगळे गप्प.

आणि चेहऱ्यावरून परका ठरवणं पाहायचं तर गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. तिथं जन्मलेल्या पोरांना बाजारात कोणी हिंदीत भाव सांगितला तर ते मराठीत घासाघीस करतात.