वाट्ट: पायी ओलांडायचा समुद्र

भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या सपाट किनारपट्टीला जर्मनीत ‘वाट्ट’ म्हणतात. विजेच्या वॅटशी किंवा आपल्या वाटेशी त्याचा काही संबंध नाही. मुळात हा शब्द उतारासाठीचा, म्हणजे ‘नदीला उतार आहे’ म्हणतो त्यातला. पाण्यातून पाय टाकत चालणे या अर्थाचे जर्मन ‘वाटेन’ आणि इंग्रजी ‘वेड’ त्याचेच भाऊबंद; लॅटिनमधला ‘वादुम’ही त्याच कुळातला. असा उथळ समुद्र नेदरलँड्सपासून डेन्मार्कपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर पसरला आहे. त्यातला नेदरलँड्सचा आणि जर्मनीचा बहुतेक भाग २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, डेन्मार्कचा २०१४ मध्ये.

प्रवाह जोरात असेल तिथे जड वाळू उरते आणि पाऊल घट्ट पडते. आडोशाच्या संथ पाण्यात बारीक गाळ बसतो; तिथे माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. थोडे उकरले की खाली काळा थर लागतो आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, म्हणून लोहाचे काळे सल्फाइड तयार होते. वर वाळूच्या शेवयांची वेटोळी दिसतात, ती लगवर्म या किड्याची विष्ठा. तो इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या बिळात राहतो, वाळू गिळतो, त्यातले खाद्य पचवतो आणि उरलेली वाळू वर टाकतो.

जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या कुक्सहाफेन शहराहून नॉयवेर्क बेटावर अशा जमिनीवरून चालत जातात. अंतर सुमारे १० किलोमीटर, वेळ तीन तासांच्या आसपास. निघायचे ते पाणी सर्वांत खाली जाण्याच्या साधारण दोन तास आधी. ओहोटी पुरी होऊ दिली तर बेट गाठण्याआधीच भरती लागते. इथे पाणी नुसते समोरून येत नाही, आणि नवखा माणूस नेमका यातच फसतो. वाट्टमधले ‘प्रील’, म्हणजे नागमोडी चर, आधी भरतात. पायाखालची जमीन अजून कोरडी असते, पण मागच्या चरात कमरेइतके पाणी वाहू लागलेले असते. त्यात धुके उतरले तर दिशाही कळत नाही. पश्चिमेचा जोरदार वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो, मग वेळापत्रकातल्या ओहोटीलाही चर पुरते रिकामे होत नाहीत. या मार्गावर अडकलेल्यांना वर चढून बसता यावे म्हणून खांबांवर पिंजरे उभारलेले आहेत. पण त्यांच्या भरवशावर निघू नये. स्थानिक वाटाड्या घ्यावा.