मामीच्या टाकीतला जांभळाचा ओंडका

ऊसतोड सुरू झाली तेव्हा मामाकडे गेलो होतो. गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णेपासून फार लांब नाही. स्लॅबवरच्या टाकीत वाकून बघितलं तर तळाशी हातभर लांबीचा एक ओंडका. मामीनं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं की टाकीत जांभळाचं लाकूड टाकलं की शेवाळ धरत नाही, क्षार निघून जातात आणि पाणी कायमचं शुद्ध होतं. पुरावा म्हणून दिल्लीची निजामुद्दीन बावडी. तिच्या तळाला म्हणे जांभळाचंच लाकूड आहे आणि शेकडो वर्षांत ते कुजलेलं नाही. मी तोंड उघडायच्या आत मामीनं शिक्का मारला, "पूर्वीच्या लोकांस्नी काय येड लागलं हुतं का?"

वेड लागलं नव्हतं. उत्तरेकडे विहीर बांधताना तळाला लाकडाचं कडं बसवत आणि त्यावर दगड-विटांचं बांधकाम चढवत. ते लाकूड पाया म्हणून होतं, औषध म्हणून नव्हे. ते टिकतं, कारण लाकूड पोखरणाऱ्या बुरशीला ऑक्सिजन लागतो आणि पाण्याखाली गाळात दबलेल्या लाकडापर्यंत तो जेमतेम पोचतो. लाकूड पाण्यात टिकलं म्हणून पाणी शुद्ध झालं, हे अनुमान नावेवरून नदीची परीक्षा करण्यासारखं आहे.

पण मामीला मी पूर्ण खोटं पाडू शकलो नाही. लाकडानं पाण्यातला एक नकोसा घटक खरोखर काढता येतो आणि जगात काही शेतांवर तो काढतातही. फक्त टाकीत नाही.

तो घटक म्हणजे नायट्रेट. मामाच्या बोअरच्या पाण्याची बाटली मी सांगलीला तपासायला दिली होती. आकडा आला लिटरला ९० मिलिग्राम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा ४५ ची आहे. हे येतं कुठून, ते पोत्यावरच्या हिशोबानं बघू. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. मातीतल्या जिवाणूंनी त्या सगळ्याचं नायट्रेट केलं तर वजन भरतं सुमारे ९२ किलो, कारण प्रत्येक नायट्रोजनला तीन ऑक्सिजन येऊन चिकटतात. त्यातला दहावा हिस्सा पिकाला चुकवून खाली उतरला असं धरा. तेवढं नायट्रेट दोन लाख लिटर निर्मळ पाण्याला मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर! आणि उसाला पोतं काही एकच पडत नाही.

खाली उतरण्याचं कारणही मातीतच आहे. काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो. अमोनियमचा भार धन, म्हणून माती त्याला धरून ठेवते. नायट्रेटचा भार ऋण, त्यामुळे त्याला माती थारा देत नाही. पाटानं भरपूर पाणी सोडलं की ते पाण्याबरोबर थेट तळाला. आणि नायट्रेटचे क्षार पाण्यात सहज विरघळलेले असल्यानं तुरटी, कँडलचा फिल्टर, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) यांतलं काहीच त्याला पकडत नाही. उकळलं तर उलट वाढतं, कारण पाणी वाफ होऊन जातं आणि नायट्रेट पातेल्यात राहतं. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना मात्र धोका असतो. शेतावरच्या विहिरींचं पाणी आणि बाळं निळी पडणं यांचा संबंध हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात दाखवून दिला.

लाकूड नायट्रेट कसं घालवतं ते सांगायला इथून पुढं मी जरा लांबण लावणार आहे. मामी या टप्प्यावर उठून भाकरी थापायला गेली होती, तुम्ही बसा.

अन्न म्हणजे इलेक्ट्रॉनचा साठा. आपण भाकरी खातो, पेशी तिच्यातले इलेक्ट्रॉन काढून घेतात, त्यांना पायरी पायरीनं खाली उतरवत ऊर्जा मिळवतात, आणि शेवटी ते इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात मारावे लागतात. आपल्या शरीरात ते ऑक्सिजनच्या गळ्यात पडतात आणि त्याचं पाणी होतं. श्वास घ्यायचा तो एवढ्यासाठी. इलेक्ट्रॉन हे प्रवासी धरले तर ऑक्सिजन ही एसटी. एसटी आलीच नाही तर आमच्याकडे माणूस काय करतो? वडाप, म्हणजे खासगी जीप, धरतो. काही जिवाणूंनाही ही सोय आहे. ऑक्सिजन संपला की ते आपले इलेक्ट्रॉन नायट्रेटच्या वडापमध्ये बसवून देतात. त्यातून मिळणारी ऊर्जा ऑक्सिजनपेक्षा जराशीच कमी. पण एसटी फलाटाला उभी असताना वडापकडे कोण जाईल? ऑक्सिजन हाताशी असेपर्यंत हे जिवाणू नायट्रेट हाताळणारी एंझाइमं बहुतेक बनवतच नाहीत.

प्रवास चार टप्प्यांचा आहे. नायट्रेटचं नायट्राइट, त्याचं नायट्रिक ऑक्साइड, त्याचं नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू, जो आपल्या हवेत ७८ टक्के आहेच. एका नायट्रोजन अणूमागे पाच इलेक्ट्रॉन खर्ची पडतात आणि दर टप्प्याला वेगळं एंझाइम लागतं. शेवटच्या टप्प्याचं एंझाइम सगळ्यात नाजूक. त्याच्या गाभ्यात तांबं असतं आणि थोडासा ऑक्सिजन लागला तरी ते रुसतं. ते रुसलं की गाडी तिसऱ्या थांब्यावरच रिकामी होते, म्हणजे नायट्रस ऑक्साइड हवेत सुटतो. तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. पाणी फार घाईनं वाहिलं तर हा धोका. फार रेंगाळलं तर दुसरा: नायट्रेट संपतं, मग जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. सगळी कारागिरी या दोन टोकांच्या मधली वेळ साधण्यात आहे.

मला यात भावतो तो उलटा फेरा. हवेतला नायट्रोजन ओढून खत करायला माणसाला प्रचंड दाब आणि चारशे-पाचशे अंश तापमान लागलं. हाबर-बॉश पद्धतीचा पहिला कारखाना १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला सुरू झाला. तोच नायट्रोजन परत हवेत सोडायला जिवाणूंना लागतो ओला, कोंदट लाकडाचा ढीग. लाकूड इथं काही गाळत नाही. त्यातला सेल्युलोज हे जिवाणूंचं जेवण. पहिली पंगत उरलासुरला ऑक्सिजन संपवते आणि दुसरी नायट्रेटला हात घालते.

आता मामीची टाकी बघा. पाणी नळातून धबाधबा पडतं, हवा घुसळली जाते, ऑक्सिजन भरपूर, आणि दिवसभरात टाकी रिकामी. त्यात एकच ओंडका. वडाप धरायची वेळच येत नाही. आणि समजा आली असती, तर पिण्याच्या पाण्यात नायट्राइट आणि वास उतरला असता. फॉरवर्ड चुकीचा आहे हे मामीचं नशीबच.

मग लाकूड ठेवायचं कुठं? जमिनीखालचं दूषित पाणी उपसून वर शुद्ध करणं महाग पडतं, म्हणून अभियंत्यांनी वेगळा विचार केला. भूजल हळूहळू एका दिशेनं सरकतच असतं (सरकण्याचा नियम आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये मांडला). त्याच्या वाटेत चर खणायचा आणि त्यात पाण्याला बदलून टाकणारा माल भरायचा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एलिझाबेथ सिटी इथं १९९६ मध्ये अशी भिंत घातली, ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल, ०.६ मीटर जाड. आत लोखंडाचा चुरा. मुलामा देण्याच्या कारखान्यातून झिरपलेलं विषारी क्रोमियम त्या लोखंडाजवळ येऊन थिजून बसतं. नायट्रेटसाठी लोखंडाऐवजी लाकडाचा भुसा भरतात. मामा लगेच म्हणाला, "म्हंजे जमिनीखाली बांध घालायचा." बांध नव्हे. पाणी अडलं तर ते बाजूनं वाट काढेल. भिंत आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त पाझरणारी हवी.

आपल्याकडे ही भिंत अवघड आहे. वाळूच्या थरात पाणी सगळीकडून सारखं सरकतं. आपला काळा कातळ बेसॉल्टचा. वर मुरूम, खाली भेगा, आणि पाणी त्या भेगांतून. भिंत बांधली आणि मुख्य भेग चार हातांवरून गेली तर सगळा खर्च मातीत. परदेशी प्रयोगाचा फोटो दाखवून "हे सांगलीत का नाही?" विचारणाऱ्यांनी आधी एकदा विहिरीत उतरून दगड बघावा.

पण आपल्याकडे दुसरी एक गोष्ट आहे. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून नदीकाठच्या जमिनी क्षारपड झाल्या. त्यावर उपाय म्हणून भूमिगत निचरा, म्हणजे तीन-चार फूट खोल चरात छिद्रांचे प्लास्टिक पाइप, वरून जाळी किंवा वाळूचं गाळण, आणि तोंड ओढ्याला. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं या विषयावर काम केलं आहे. वावरातलं पाणी भेगांत शिरण्याआधी एका पाइपच्या तोंडाशी गोळा होतं. लाकडाच्या तुकड्यांचा खड्डा तिथं हवा. आयोवातले शेतकरी निचऱ्याच्या पाइपच्या तोंडाशी हेच करतात.

एका हेक्टरमधून दिवसाला १ मिलिमीटर निचरा धरला तर १० हजार लिटर पाणी. त्यात लिटरला ९० मिलिग्राम, म्हणजे रोज ९०० ग्राम नायट्रेट. नायट्रोजनच्या भाषेत सुमारे २०० ग्राम. तुकड्यांचे असे खड्डे शेतांवर घनमीटरमागे दिवसाला साधारण २ ते २२ ग्राम नायट्रोजन काढतात. १० ग्राम धरले तर २० घनमीटर पुरे: १० मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर खोल. तुकड्यांमधली पोकळी ७० टक्के असते, म्हणून पाणी आत जवळजवळ दीड दिवस थांबतं. आपलं ऊन इथं कामाला येतं, कारण पाणी दहा अंशांनी गरम झालं तर जिवाणूंचा वेग साधारण दुप्पट होतो. जेवणाचा हिशोबही बसतो. १ किलो नायट्रेटला सुमारे ६०० ग्राम सेल्युलोज, म्हणजे वर्षाला २०० किलो. खड्ड्यात लाकूड चार टनांच्या आसपास. कागदावर वीस वर्षं पुरेल. प्रत्यक्षात १० ते १५ वर्षं धरतात, कारण लाकडातलं लिग्निन जिवाणूंना सहज पचत नाही आणि पंगतीला बिनबोलावलेलेही बसतात.

क्षार मात्र यातून जात नाहीत, मीठ जसंच्या तसं ओढ्याला जाईल. मामीच्या बोअरलाही याचा उद्या उपयोग नाही. पिण्यासाठी तिला आरओ किंवा दुसरं पाणी बघावंच लागेल.

मामानं सगळं ऐकून घेतलं आणि कामाचं तेवढं विचारलं, "बगॅस चालंल का?" बगॅस म्हणजे उसाचा चोथा. चालेल, पण तो लवकर संपतो आणि कारखाना तो बॉयलरला घालून वीज करतो, फुकट कोण देणार? दाणे काढलेली मक्याची कणसं जास्त वेगानं काम करतात, पण तीही लवकर झिजतात. बाभूळ, सुबाभूळ, वखारीतले तुकडे बरे. पहिले काही आठवडे खड्ड्यातून चहाच्या रंगाचं पाणी येईल. म्हणून टॅनिन, म्हणजे तुरट, रंग सोडणारा घटक, जास्त असलेलं लाकूड टाळतात.

जांभळाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. मामीला हे अजून सांगितलेलं नाही.