कंपाइल झालं, पण पोर्ट झालं का?

अंबडच्या आमच्या ऑफिसात नवा मुलगा येतो, मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम कसा बनवायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये) कंपाइलरचं, म्हणजे कोडचं प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव बदलतो, एआरएम जातीच्या प्रोसेसरची बायनरी (चालवायला तयार फाइल) झाली की सांगतो, ‘ताई, इंटरप्रिटर पोर्ट झाला.’ इंटरप्रिटर म्हणजे एखाद्या भाषेतल्या सूचना वाचून चालवणारा प्रोग्रॅम. खरं तर त्याने केलेलं असतं क्रॉस-कंपाइल. हे दोन शब्द मीही बरीच वर्षं एकाच अर्थाने वापरत होते. फरक कळला तो दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेत.

एक्स८६ पीसीवर (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या संगणकावर) बसून दुसऱ्या प्रोसेसरसाठी बायनरी बनवणं, हे क्रॉस-कंपाइल. ते काम कंपाइलरचं. आपली भाषा त्या प्रोसेसरवर आधीसारखीच वागते याची खात्री करून घेणं, जिथे वागत नाही तिथे कोड दुरुस्त करणं, हे पोर्टिंग. ते आपलं काम.

ठिबकचे नियम लिहायला आम्ही एक छोटी भाषा केली होती. तिचा बाइटकोड (नियमांच्या बारीक अंकी सूचना) चालवणारा इंटरप्रिटर सी भाषेत. पीसीवर सगळं सुरळीत. रास्पबेरी पाय या एआरएमच्या छोट्या संगणक-बोर्डासाठी कंपाइल केलं, एकही वॉर्निंग नाही. बोर्ड बागेत बसवला आणि दुसऱ्या दिवशी बागवाल्या काकांचा फोन: ‘ताई, व्हॉल्व्ह एकदा उघडतोय अन् मग गपगार पडतोय.’ ओलावा पुन्हा पुन्हा तपासणारं लूप एकदाच फिरून थांबत होतं.

लूपच्या शेवटी मागे उडी मारायची सूचना असते. किती मागे, ते आम्ही एका बाइटमध्ये ठेवलं होतं: उणे १४. तो बाइट वाचायला सीचा साधा ‘कॅर’ (char) टाइप वापरला होता. हा टाइप साइन्ड (उणे आकडे धरणारा) की अनसाइन्ड (न धरणारा), हे सीचं स्टँडर्ड ठरवून देत नाही. एक्स८६ लिनक्सवर तो साइन्ड असतो, एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड. त्यामुळे पायवर उणे १४ चे २४२ (२५६ वजा १४) झाले आणि इंटरप्रिटर १४ घरं मागे जायच्या ऐवजी २४२ घरं पुढे गेला. पुढे सगळे शून्य, आणि आमच्या भाषेत शून्य म्हणजे ‘थांब’. त्या संध्याकाळी कंपाइलरला ‘कॅर साइन्ड धर’ असा फ्लॅग देऊन वेळ मारून नेली. नंतर कोडमध्येच टाइप स्पष्ट साइन्ड लिहिला. अ‍ॅपलच्या एआरएम मॅकवर मात्र हाच टाइप साइन्ड आहे, कारण हे प्लॅटफॉर्मची एबीआय (तयार बायनरींनी पाळायचे नियम) ठरवते. तिथे तपासलं असतं तर ही चूक सापडलीच नसती.

मग इतर जागा शोधायला बसलो. सेन्सरची वायर तुटली की वाचनात नॅन (‘हा आकडाच नाही’ अशी खूण) येतो. त्याचा ३२ बिटी पूर्णांक केला की एक्स८६ वर उणे २१४७४८३६४८ मिळत होते; आमची तपासणी लगेच म्हणायची, सेन्सर बिघडला. एआरएमवर मिळाला शून्य. ओलावा शून्य, म्हणजे माती कोरडी ठाक, सोडा पाणी! फळछाटणीनंतरच्या बागेत ही चूक परवडणारी नाही.

सगळ्या इंटरप्रिटरना सारखाच त्रास होतो असं नाही. ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेली लुआ ही भाषा इतक्या स्वच्छ सीमध्ये लिहिली आहे की तिला नव्या प्रोसेसरवर बहुतेकदा नुसतं कंपाइल करणं पुरतं. लुआजिट या तिच्या वेगवान आवृत्तीचा इंटरप्रिटर मात्र असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत आहे. तो प्रत्येक आर्किटेक्चरसाठी हाताने लिहावा लागतो.

जिटची, म्हणजे ऐनवेळी कंपाइल करणाऱ्या भागाची आणखी एक अडचण. तो चालता चालता मशीन कोड लिहितो. एक्स८६ इन्स्ट्रक्शन कॅशे (प्रोसेसरने हाताशी ठेवलेल्या सूचनांच्या प्रती) स्वतःच ताजी ठेवतो. एआरएमवर आपल्याला ती साफ करायला सांगावं लागतं, नाहीतर कधीकधी जुन्याच सूचना चालतात. फाब्रिस बेलार्ड यांचं क्यूईएमयू हे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर वापरून पीसीवर एआरएमची बायनरी चालवता येते. उडीची चूक त्यात लगेच दिसली असती; कॅशेची चूक सहसा दिसत नाही, कारण तिथे खरी एआरएम कॅशे नसतेच.

आता आमच्या टेस्ट आधी क्यूईएमयूवर चालतात, मग खिडकीशी ठेवलेल्या खऱ्या बोर्डवर. मागे उडी मारणारं लूप यादीत पहिलं आहे.