व्हॅक्सिन या शब्दातली गाय

बाळाला डोस द्यायला नेताना आपण 'व्हॅक्सिन' हा शब्द सहज उच्चारतो. त्या शब्दात एक गाय दडली आहे. लॅटिनमध्ये गायीला 'वाक्का' म्हणतात, त्यावरून 'व्हॅक्सिन', म्हणजे मुळात 'गायीचं'.

अठराव्या शतकात इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमध्ये दूध काढणाऱ्या बायकांच्या हातांवर गायींच्या सडांवरच्या फोडांसारखे फोड उठत. ते एकदा येऊन गेले की माणसाला देवी (स्मॉलपॉक्स हा रोग) येत नाहीत, असं खेड्यांत बोललं जाई. एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने ते बोलणं गांभीर्याने घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं. १४ मे १७९६ रोजी त्याने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडाला टोचला. पुढे जुलैत त्याच मुलाला खऱ्या देवींचा द्रव टोचला, पण देवी आल्या नाहीत. (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि तेच योग्य आहे.) १७९८च्या पुस्तकात जेन्नरने गायींच्या या फोडांच्या रोगाला लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थ 'गायीच्या देवी'.

मग पोलिओच्या डोसालाही व्हॅक्सिन का म्हणायचं? त्याचा तर गायीशी काही संबंध नाही. याला कारण फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर. कोंबड्यांचा कॉलरा आणि मेंढ्यांचा अँथ्रॅक्स यांवर त्याने जंतू दुबळे करून प्रतिबंधक तयार केले होते. १८८१ साली लंडनच्या वैद्यकीय परिषदेत त्याने सुचवलं की जेन्नरच्या सन्मानार्थ अशा सगळ्याच टोचण्यांना हे नाव द्यावं.

आता एक मजेशीर भर. देवींच्या लशीत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या विषाणूची जनुकं तपासली, तेव्हा तो गायीपेक्षा घोड्याच्या देवींच्या विषाणूला जवळचा निघाला!

मराठीने मात्र गाय घेतलीच नाही. 'लस' म्हणजे जखमेतून, फोडातून झिरपणारा चिकट द्रव. जेन्नरने टोचलं ते नेमकं हेच. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली, आणि तिच्या दंडावरच्या फोडातली लस काढून पुढच्यांना टोचली गेली. जुनी माणसं तर 'लस घेतली' न म्हणता 'देवी काढल्या' म्हणतात, आणि दंडावरचा गोल वण दाखवतात.