लोगो पाठवलाय, उघडतोय का बघ

गणपतीच्या आधी महिनाभर मंडळाच्या टी-शर्टची गडबड सुरू होते आणि दरवर्षी तोच सीन होतो. कुणीतरी ग्रुपवर लोगोची फाईल टाकतो, नाव 'लोगो फायनल २ नवीन', पुढे डॉट सीडीआर, म्हणजे कोरल ड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरची फाईल, आणि खाली लगेच मेसेज सुरू, भावा उघडत नाहीये, माझ्याकडे नुसतं पांढरं पान येतंय, जेपेग टाक ना. मग जेपेग येतो, तो असतो २०० पिक्सेल रुंद. छातीवर १० इंचात छापायचा म्हटला तर इंचाला २० ठिपके, म्हणजे बाप्पाची सोंड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसणार. यावर्षी टी-शर्टचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हणून म्हटलं एकदा बघूच, फाईल उघडत नाही म्हणजे आत नक्की होतं काय.

पहिला उद्योग म्हणजे ती फाईल सरळ नोटपॅडमध्ये उघडली. अपेक्षेप्रमाणे सगळा कचरा दिसला, चौकोन, उलटसुलट चिन्हं, पण अगदी सुरुवातीची दोन अक्षरं स्वच्छ वाचता येत होती, पी आणि के. ही फिल कॅट्झची आद्याक्षरं. झिप फाईलचा प्रकार त्याने काढला आणि आजही प्रत्येक झिपच्या तोंडाशी त्याचं नाव असतं. म्हणजे आमचा लोगो ही एक झिप होती! कोरल ड्रॉच्या २००८ सालच्या एक्स ४ पासून सीडीआर फाईली अशाच बांधून ठेवलेल्या असतात. एक कॉपी काढली, शेवटचं सीडीआर खोडून झिप लिहिलं, उघडली, तर आत दोन-तीन फोल्डर आणि एक छोटं प्रिव्ह्यू चित्र. छापायला त्याचा काही उपयोग नाही पण निदान ही आपलीच फाईल आहे, शेजारच्या मंडळाची नाही, एवढं तरी कळतं. त्याहून जुनी सीडीआर असेल तर सुरुवातीला आर, आय, एफ, एफ अशी चार अक्षरं सापडतात, आणि गंमत म्हणजे गाण्यांच्या वेव्ह फाईलची सुरुवातही याच चार अक्षरांनी होते. डबा एकच, कुणी त्यात पोहे नेतं कुणी चकल्या.

ग्रुपवरच्या एका हुशार पोराने सीडीआर खोडून तिथे पीडीएफ लिहिलं होतं आणि 'आता बघा' म्हणून परत टाकलं होतं. दारावरची पाटी बदलली म्हणून घरातली माणसं बदलत नाहीत. झिप म्हणून ती उघडली कारण ती आतून झिपच होती, पीडीएफ ती कधीच नव्हती.

आता आत असतं काय ते बघू. फोटो म्हणजे ठिपक्यांचा तक्ता, पहिल्या ओळीतला पहिला ठिपका या रंगाचा, दुसरा त्या रंगाचा, असं शेवटपर्यंत. हा तक्ता कसा वाचायचा ते सगळ्या सॉफ्टवेअरना ठाऊक आहे, म्हणून जेपेग कुठेही उघडतो. व्हेक्टर फाईलमध्ये ठिपके नसतात, तिच्यात सूचना असतात, इथून तिथे रेघ मार, मग असं वळण घे, आत केशरी भर. म्हणजे आपण पाहुण्यांना फोनवर घराचा पत्ता सांगतो ना, तसं. सरळ या, दुसऱ्या चौकात डावीकडे वळा, इतपत कुणालाही कळतं. पण आपण पुढे म्हणतो, जुन्या एसटी स्टँडच्या समोर, पाटलांच्या गिरणीच्या बोळात, आणि पाहुणा बिचारा रिक्षात बसून गोल गोल फिरत राहतो कारण तो स्टँड आता तिथे नाहीच आणि गिरणी बंद होऊन काळ लोटला. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या अशा घरगुती खाणाखुणा असतात. डावीकडे-उजवीकडे सगळ्यांना समजतं, बोळ फक्त गाववाल्याला.

यातलं 'डावीकडे वळा' म्हणजे बेझिए वक्र. हे प्रकरण चित्रकलेतून आलेलं नाही, ते आलं फ्रान्समधल्या गाड्यांच्या कारखान्यांतून. गाडीच्या पत्र्याचा बाक आकड्यांत कसा सांगायचा हा प्रश्न होता. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जोने १९५९ च्या सुमारास उत्तर शोधलं पण कंपनीने ते गुपित ठेवलं, आणि रेनोमधल्या पिएर बेझिएने १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे तेच करून छापलं, म्हणून नाव त्याचं लागलं. कल्पना साधी आहे, वळणाची दोन टोकं आणि वळण कुठल्या दिशेला ओढायचं ते सांगणारे दोन बिंदू, बस, चार बिंदूंत एक वळण. अडोबीचं इलस्ट्रेटर, म्हणजे कोरल ड्रॉसारखंच सॉफ्टवेअर, आलं १९८७ ला, कोरल ड्रॉ १९८९ ला, दोघांचा पाया हाच. मग भांडण कुठे आहे? भांडण आहे पायावरच्या मजल्यांत, म्हणजे सावल्या, पारदर्शकता, मिसळणारे रंग, अक्षरं, लेयर. आणि सीडीआरची आतली मांडणी कोरलने इतरांना वाचायला जाहीर केली नव्हती, ती बाहेरच्या लोकांनी फाईली उकलून उकलून शोधली. एखाद्या फाईलमधली एकच रेघ बदलायची, परत सेव्ह करायची, आणि कुठले बाइट बदलले ते बघायचं, असलं किचकट काम. त्यातून लिबसीडीआर नावाची लायब्ररी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरना वापरता येणारा तयार कोड, जन्माला आली आणि आज लिब्रेऑफिस किंवा इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सीडीआर उघडते ती तिच्या जिवावर. उघडते म्हणजे साधारण उघडते हं. रेघा आणि रंग बहुतेक येतात, शोभेच्या गोष्टी वाटेत गळतात.

इलस्ट्रेटरच्या एआय फाईलची वेगळीच गंमत आहे. २००० सालच्या ९ नंबरच्या व्हर्जनपासून एआय फाईलच्या आत पूर्ण पीडीएफ बसवलेली असते, शिवाय इलस्ट्रेटरचा स्वतःचा खासगी भाग वेगळा. दुसरं सॉफ्टवेअर एआय उघडतं तेव्हा ते खरं तर ती पीडीएफ उघडत असतं. पण सेव्ह करताना पीडीएफवाली टिक कुणी काढली, फाईल हलकी होते म्हणून काढतात लोक, की दुसरीकडे एक पान उघडतं आणि त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की ही फाईल पीडीएफ मजकुराशिवाय सेव्ह केली आहे. चित्र वगैरे काही नाही, नुसती ती चिठ्ठी. भरपूर लोकांना वाटतं फाईल खराब झाली. खराब नाही झाली, पाठवणाऱ्याने टिक मारून परत पाठवली की काम होतं.

आता मोठा घोटाळा. आमच्या पोरांनी फाईल कशात उघडायचा प्रयत्न केला, तर फोटोशॉप आणि गिम्पमध्ये. ही दोन्ही मुळात ठिपक्यांची सॉफ्टवेअर. सीडीआर तर फोटोशॉप उघडतच नाही, पण एसव्हीजी (सगळ्यांना वाचता येणारा व्हेक्टर फाईलचा प्रकार) किंवा पीडीएफ दिली तरी ती पत्ता पत्ता म्हणून ठेवत नाहीत, आधी त्या पत्त्यावर जाऊन फोटो काढून आणतात. म्हणून गिम्पमध्ये एसव्हीजी टाकली की पहिल्यांदा एक खिडकी येते, रुंदी किती, उंची किती, रिझोल्युशन किती, आणि आपण सगळेच ती न वाचता ओके मारतो. तिथेच माती होते. त्या क्षणी जो आकडा असेल तेवढ्याच ठिपक्यांत चित्र थिजतं, नंतर ताणलं की पुन्हा सोंडेचा जिना. १० इंच छापायचं आणि इंचाला ३०० ठिपके हवे तर तिथे ३००० लिहायचं, नंतर नाही. फोटोशॉपमध्ये थेट उघडण्याऐवजी प्लेस करून स्मार्ट ऑब्जेक्ट ठेवला तर मूळ व्हेक्टर आत शाबूत राहतं, हे मात्र चांगलं आहे.

तरी कुणी म्हणेल मोठा आकडा टाकायचा, झालं. टाका. २० फूट बाय १० फुटांचा फ्लेक्स, इंचाला फक्त ७२ ठिपके धरले तरी १७२८० गुणिले ८६४०, म्हणजे जवळजवळ १४ कोटी ९३ लाख ठिपके, छपाईचे चार रंग धरून प्रत्येकाला चार बाइट, साधारण ६०० एमबी. आमचा लोगो सूचनांच्या रूपात ९० केबी आहे आणि तो बॅजवरही तेवढाच आणि कमानीवरही तेवढाच.

एक बारीक गोष्ट मला फार आवडली म्हणून सांगतो. एसव्हीजीत वर्तुळ काढायचं तर एका ओळीत काम होतं, मध्य इथे, त्रिज्या एवढी. पीडीएफला वर्तुळ हा शब्दच माहीत नाही! तिच्याकडे फक्त सरळ रेघा आणि बेझिए वक्र. मग वर्तुळ चार तुकड्यांत करतात, प्रत्येक तुकड्याचे ओढणारे बिंदू त्रिज्येच्या ०.५५२३ पट लांब ठेवायचे, की जे दिसतं ते वर्तुळच वाटतं. अगदी काटेकोर वर्तुळ ते नसतंच कारण बेझिए वक्राने पूर्ण वर्तुळ काढताच येत नाही, चूक जास्तीत जास्त ०.०२७ टक्के, एक मीटर त्रिज्येला पाव मिलिमीटरच्या जरा वर. डोळ्याला दिसणं शक्य नाही. पण पीडीएफमार्गे दुसरीकडे गेलेल्या वर्तुळावर तुम्ही क्लिक केलं तर ते सॉफ्टवेअर त्याला वर्तुळ म्हणत नाही, चार वक्र म्हणतं. चित्र तेच पोचलं, पण हे वर्तुळ आहे ही माहिती वाटेत सांडली. सुसंगततेचे निम्मे त्रास या जातीचे आहेत.

आकाराचंही तसंच. इलस्ट्रेटरचा एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, इंकस्केप मात्र एसव्हीजीतल्या बिनएककाच्या आकड्याला इंचाचा ९६ वा भाग धरतं, त्यामुळे इलस्ट्रेटरमधून एसव्हीजी करून आणलेली १० सेंटीमीटरची पाटी ७.५ सेंटीमीटरची होऊन उघडते आणि लेझर कटिंगला गेलेला माणूस अ‍ॅक्रिलिकचा तुकडा हातात धरून आकड्यांकडे बघत बसतो. जुनं इंकस्केप, २०१७ च्या आधीचं, ९० धरायचं, तेव्हा तीच पाटी ८ सेंटीमीटर व्हायची. उघडल्या उघडल्या एक माप तपासायचं, बाकी काही नाही.

पण आपल्याकडे या सगळ्यापेक्षा जास्त रडवतात ती अक्षरं. लिबसीडीआरच्या कृपेने मी आमचा लोगो इंकस्केपमध्ये उघडला, मोदक आला, मोरपीस आलं, आणि जिथे 'गणेश' लिहिलेलं असायचं तिथे इंग्रजीत आलं एक्स, टिंब, के, एस, एकेरी अवतरणचिन्ह, के. पहिल्यांदा वाटलं व्हायरस. तसं काही नव्हतं. ते कृतिदेवमधलं होतं. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या या फाँटनी एक जुगाड केला होता, कॉम्प्युटरला सांगायचं हे इंग्रजी एक्स आहे आणि फाँटमध्ये एक्सच्या जागी चित्र ठेवायचं ग चं. फाईलमध्ये मराठी कधी नव्हतंच, मराठी होतं ते फाँटमध्ये. माझ्या लॅपटॉपवर तो फाँट नाही, मग त्याने प्रामाणिकपणे जे लिहिलंय ते दाखवलं. आणि ते दोन के बघा, के म्हणजे नुसता काना. टिंब म्हणजे अर्धा ण, त्याला काना जोडला की पूर्ण ण, अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श, त्याला काना जोडला की पूर्ण श. ही रीत रेमिंग्टन टाईपरायटरची आहे, तिथे कळा कमी असायच्या म्हणून अक्षरं तुकड्यांत मारायची. म्हणजे टाईपरायटरची सवय फाँटमध्ये उतरली, फाँटमधून लोगोत, आणि आता माझ्या डोक्यात. श्रीलिपी या तशाच दुसऱ्या फाँटचे कोड परत वेगळे, त्यामुळे कृतिदेवचा मजकूर श्रीलिपी लावून वाचायला गेलात तर तिसरीच भाषा दिसते.

युनिकोडमध्ये लिहिलं असेल तर निदान अक्षर अक्षर असतं, तरी पीडीएफ दुसरीकडे उघडताना काने-मात्रे सुटे होतात. पीडीएफ अक्षरं दिसतात त्या क्रमाने मांडते, पहिली वेलांटी आपण नंतर उच्चारतो पण दिसते आधी, मग परत जुळवताना 'मि' चं भलतंच काहीतरी होतं. इंकस्केपमध्ये पीडीएफ उघडताना अक्षरं नुसते आकार म्हणून आणायचा पर्याय असतो, तो घेतला तर ती दिसतात तरी नीट.

शेवटी प्रेसवाल्या काकांना फोन केला. म्हटलं काका, कर्व्ह करून पीडीएफ पाठवाल का. "अरे मग आधी सांगायचं ना," म्हणाले, आणि दोन मिनिटांत पाठवली. कर्व्ह करणं म्हणजे कोरलमध्ये मजकूर निवडून कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ, की अक्षरं अक्षरं राहत नाहीत, त्यांच्या बाह्यरेषा होतात. फाँट लागत नाही, कुठेही उघडा. म्हणून प्रेसमध्ये प्रत्येक जण प्रत्येकाला 'कर्व्ह करून पाठव' म्हणत असतो.

फाईल मस्त उघडली. मग अध्यक्षांनी बघून सांगितलं, खाली 'वर्ष ४२ वे' आहे, यंदा ४३ वं आहे, तेवढं बदलून टाक. आता बदलणार कसं, ती अक्षरं कुठे आहेत, ते तर आकार! काकांना परत फोन करायची लाज वाटली. मग लोगोखालच्या रजिस्ट्रेशन नंबरात एक ३ सापडला, तो कॉपी केला, थोडा मोठा केला आणि २ च्या जागी नेऊन बसवला.