मॅकिंतॉश संगणकांतील प्रोसेसर-बदल

अ‍ॅपल कंपनीने आपल्या मॅकिंतॉश (मॅक) संगणकांचे प्रोसेसर-कुळ आजवर तीनदा बदलले : १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० मालिकेकडून पॉवरपीसीकडे, २००६ मध्ये पॉवरपीसीकडून इंटेलकडे आणि २०२० पासून इंटेलकडून स्वतः रचना केलेल्या एम मालिकेकडे. तिन्ही वेळा प्रोसेसरचा आज्ञासंचही (प्रोसेसरला समजणाऱ्या मूलभूत आज्ञांचा संच) बदलला. केवळ पुरवठादार बदलला (उदा., इंटेलऐवजी त्याच आज्ञासंचाचे प्रोसेसर करणारी एएमडी कंपनी), तर वापरणाऱ्याला सहसा त्याचा पत्ताही लागत नाही. आज्ञासंच बदलला, की जुन्या प्रोसेसरसाठी तयार झालेला प्रोग्रॅम नव्यावर जसाच्या तसा चालत नाही. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने २००५-०६ च्या बदलाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : पहिला मॅकिंतॉश (१९८४) मोटोरोला ६८००० वर चालत असे. १९९१ मध्ये अ‍ॅपल, आयबीएम व मोटोरोला यांनी एकत्र येऊन पॉवरपीसीचा आराखडा हाती घेतला आणि मार्च १९९४ मध्ये पॉवर मॅकिंतॉशची पहिली मॉडेल (६१००, ७१००, ८१००) बाजारात आली. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून ६८००० मालिकेच्या आज्ञांचे अनुकरण करणारी प्रणाली यंत्राच्या रॉममध्येच (कायमस्वरूपी स्मृतीत) बसवली होती. किंबहुना खुद्द सिस्टिम ७ या मॅकच्या तत्कालीन कार्यप्रणालीचा बराचसा भाग त्या वेळी जुन्याच आज्ञांत होता, त्यामुळे नवे यंत्र अनेक कामांत आपल्याच प्रणालीचे अनुकरण करत बसे. या अनुकरणात अपूर्णांकी (फ्लोटिंग-पॉइंट) गणित करणाऱ्या एककाचा समावेश नव्हता. ते असल्याचे गृहीत धरणारे प्रोग्रॅम चालत नसत. मॅक ओएस ८.५ (१९९८) पासून ६८००० मालिकेवरील यंत्रांचा आधार संपला.

कारणमीमांसा : ६ जून २००५ रोजी अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्झ यांनी सॅन फ्रॅन्सिस्को येथील विकसक परिषदेत इंटेलकडे जाण्याची घोषणा केली. त्यामागचे खरे कारण कोणते, याविषयी एकमत नाही. जॉब्झ यांनी स्वतः मांडलेला मुद्दा दर वॅट मिळणाऱ्या कार्यक्षमतेचा होता. पुढील काळासाठी इंटेलच्या योजनेत दर वॅट ७० एकके, तर पॉवरपीसीच्या योजनेत १५ एकके दिसतात, असे त्यांनी सांगितले. हे एकक कसे मोजले ते स्पष्ट केलेले नव्हते, म्हणून हे आकडे जपूनच घ्यावे लागतात. दुसरे मत असे, की आयबीएमला अ‍ॅपलच्या तुटपुंज्या मागणीत रस उरला नव्हता. त्याच सुमारास एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ आणि वी या तिन्ही खेळयंत्रांसाठी पॉवर कुळातील प्रोसेसर घेतले जात होते आणि तेथील संख्या मॅकच्या विक्रीहून कितीतरी मोठी होती. किमतीची घासाघीस हे तिसरे कारणही काही जण देतात.

उपलब्ध घटनाक्रम पहिल्या मताकडे अधिक झुकतो. जून २००३ मध्ये पॉवर मॅक जी५ (जी५ म्हणजे पॉवरपीसीची पाचवी पिढी) सादर करताना जॉब्झ यांनी वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचे यंत्र देण्याचे जाहीर केले होते. वर्ष उलटल्यावर २.५ आणि एप्रिल २००५ मध्ये २.७ गिगाहर्ट्झपर्यंतच मजल गेली, तीही द्रवशीतनाच्या साहाय्याने. मूळच्या जी५ च्या उभ्या पेटीत नऊ पंखे होते, यावरून त्या चिपच्या उष्णतेची कल्पना यावी. हा प्रोसेसर लॅपटॉपमध्ये कधीच बसला नाही. अ‍ॅपलचे पॉवरबुक लॅपटॉप शेवटपर्यंत आधीच्या पिढीच्या जी४ वर, १.६७ गिगाहर्ट्झला अडकून राहिले. लॅपटॉपची मागणी वाढत असताना ही अडचण किमतीच्या घासाघिशीहून मोठी ठरली असावी.

बदलाचा विचार नेमका केव्हा सुरू झाला, हेही वादातीत नाही. १९९२ मध्ये नॉव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीच्या सहकार्याने सिस्टिम ७ इंटेल ४८६ वर चालवण्याचा ‘स्टार ट्रेक’ हा प्रकल्प झाला होता. तो पुढे सोडून देण्यात आला. मॅक ओएस टेनची पूर्वज असलेली, जॉब्झ यांच्या नेक्स्ट कंपनीची नेक्स्टस्टेप प्रणाली १९९३ पासूनच इंटेलवर चालत होती. मॅक ओएस टेन गेली पाच वर्षे दोन्ही प्रोसेसरांसाठी तयार होत आली आहे, असे जॉब्झ यांनी २००५ मध्ये सांगितले. त्यामुळे २००० हे साल सामान्यतः धरले जाते. मात्र नेक्स्टची पार्श्वभूमी पाहता ही नवी सुरुवात नसून जुने काम गुपचूप चालू ठेवण्याचाच प्रकार होता, असे म्हणणे अधिक योग्य वाटते.

तांत्रिक बाजू : पॉवरपीसी व इंटेल यांत आज्ञांखेरीज बाइटक्रमाचाही (संख्येचे बाइट साठवण्याच्या क्रमाचा) फरक आहे. ३२ बिटांत १ हा आकडा पॉवरपीसी मॅक ०० ०० ०० ०१ असा साठवतो, इंटेल ०१ ०० ०० ०० असा. एकाने लिहिलेली फाइल दुसऱ्याने क्रम न पालटता वाचली, तर १ चे १,६७,७७,२१६ होतात. म्हणून ज्या प्रोग्रॅमकर्त्यांनी फाइल वाचताना बाइटक्रम गृहीत धरला होता, त्यांना प्रोग्रॅम नुसता पुन्हा कंपाइल करून (नव्या प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतरित करून) भागले नाही.

जुन्या प्रोग्रॅमांसाठी ‘रोझेटा’ हा भाषांतरकार दिला गेला. त्याचे तंत्रज्ञान मँचेस्टरच्या ट्रान्झिटिव्ह कंपनीचे होते. पॉवरपीसीच्या आज्ञा तो चालता चालता इंटेलच्या आज्ञांत बदलत असे. मात्र खास जी५ साठी लिहिलेले प्रोग्रॅम, कर्नलची (कार्यप्रणालीच्या गाभ्याची) जोडतुकडी व मॅक ओएस ९ चे प्रोग्रॅम चालवणारे ‘क्लासिक’ वातावरण त्याच्या कक्षेबाहेर होते. एकाच प्रोग्रॅमच्या आत पॉवरपीसी व इंटेल यांचा मिलाफही चालत नसे. एक जुने प्लग-इन वापरायचे, तर सबंध प्रोग्रॅमच रोझेटाखाली उघडावा लागे.

वापरणाऱ्यांवरील परिणाम : इंटेलवरील पहिले आयमॅक व मॅकबुक प्रो १० जानेवारी २००६ रोजी जाहीर झाले. २००७ अखेरपर्यंत चालेल असे सांगितलेले स्थित्यंतर ऑगस्ट २००६ मध्ये मॅक प्रो येताच जवळजवळ पुरे झाले. प्रोग्रॅम मात्र इतक्या झपाट्याने आले नाहीत. फोटोशॉपची इंटेलसाठीची आवृत्ती (सीएस३) एप्रिल २००७ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसची जानेवारी २००८ मध्ये आली. तोवर ज्याचे पोट फोटोशॉपवर होते, त्याला नव्या यंत्रावर ते रोझेटाखाली चालवावे लागे आणि जुना जी५ त्याहून वेगवान वाटे. उलट, एप्रिल २००६ मधील बूट कॅम्पमुळे मॅकवर विंडोज थेट चालू लागले, हा लाभ मोठा होता.

खरी झळ नंतर बसली. ऑगस्ट २००९ च्या स्नो लेपर्ड या मॅक ओएसच्या आवृत्तीने पॉवरपीसी वगळले; म्हणजे २००६ च्या उन्हाळ्यात जी५ विकत घेणाऱ्याला नवी प्रणाली घेण्यास जेमतेम तीन वर्षे मिळाली. जुलै २०११ च्या लायन या पुढच्या आवृत्तीमध्ये रोझेटाच काढून टाकण्यात आला. याच लायनला ६४-बिट प्रोसेसर लागत असल्याने २००६ च्या पहिल्या खेपेची ३२-बिट कोअर ड्युओ यंत्रेही बाद झाली. थोडक्यात, सर्वांत शेवटचा जुना व सर्वांत पहिला नवा या दोन्ही संगणकांचे ग्राहक तोट्यात गेले.

२०२० नंतर : २२ जून २०२० रोजी जाहीर झालेल्या तिसऱ्या बदलात (एम१, नोव्हेंबर २०२०) रोझेटा २ बहुतेक भाषांतर प्रोग्रॅम बसवतानाच उरकतो. शिवाय इंटेलचा स्मृतिक्रम (स्मृतीत वाचन-लेखन होण्याचा क्रम) पाळण्याची सोय चिपमध्येच असल्याने वेगाची घट पूर्वीइतकी जाणवली नाही. बूट कॅम्प मात्र गेले. इंटेलच्या यंत्रांसाठी मॅक ओएस २६ ही शेवटची आवृत्ती असेल व सर्वसाधारण वापरासाठी रोझेटा २ आवृत्ती २७ पर्यंतच राहील, त्यानंतर त्याचा काही भाग केवळ जुन्या खेळांपुरता ठेवला जाईल, असे कंपनीने जून २०२५ मध्ये जाहीर केले.